बदलीची खुर्ची

ये गं, अशी जवळ सरक. उंबऱ्यात उभं राहून कुणी ऐकतं व्हय? आमच्या शंकरदादांनी बघितलं असतं, तर तुला आधी खुर्चीवर बसवलं असतं!

शंकरदादा आमच्या साखर कारखान्याचे भोंगेवाले. पाळी बदलली की भोंगा द्यायचा, हे त्यांचं काम. वसाहतीत बास्केटबॉलचं मैदान झालं तेव्हा टेबलावरचा हातभोंगाही त्यांच्याकडंच आला, आणि माणूस बिघडला.

बदली खेळाडूनं आधी टेबलाशेजारच्या खुर्चीवर बसायचं. खेळ थांबला की दादा भोंगा वाजवणार, पंच हातानं बोलावणार, मगच आत. "आधी खुर्ची, मग भोंगा, मग हात!" घरीही तेच. मी वाटीभर पीठ मागायला गेले तरी ओट्यावरच्या खुर्चीत ताटकळायचं. टँकरच्या रांगेत सासूच्या जागी सून आली, तर दादा आडवे. सासू म्हणाली, "दादा, मी मेल्यावर तरी सुनेला घागर भरू द्याल का?"

त्या दुष्काळात मला खरी भीती पाण्याची होती. टँकरचं गढूळ पाणी, आणि वसाहतीत हगवण-उलट्यांची साथ. दादांच्या चंद्रावहिनी सकाळी माझ्याशी बोलल्या, सांजेला न्हाईत. दादा तेरावं उरकून कामावर गेले. भोंगा वेळेवर वाजला. लोक म्हणाले, दगड हाय.

मग मॅच आली, शेजारच्या कारखान्याशी. आमचे हे साथीतून नुकते उठलेले. "माणसं कमी हायत, नुसतं उभं राहतो," म्हणून गेले. थोड्या वेळात ह्यांचे ओठ पांढरे पडलेले मला लांबून दिसले. मी टेबलाकडं पळाले. बदलीचा गणपत खुर्चीत तयार बसलेला.

"दादा, वाजवा!"

"चेंडू जिवंत हाय, वैनी. खेळ थांबल्याबिगर वाजवता येत न्हाय."

चेंडू काही थांबेना. बाहेर जाईना, कुणाची चूक होईना. हे वाळत घातलेल्या धोतरासारखे हलायला लागले. आपल्या संघातला एक पोरगा चेंडू टाकायला उडी घेणार, तोच भोंगा बोंबलला! पंच ओरडला, बास्केट रद्द झाली. दादा मात्र पंचाच्या हाताची वाट न बघता मैदानात घुसले, ह्यांना काखेत धरून आणलं आणि आपल्या हातानं मीठ-साखरेचं पाणी पाजत बसले.

आपण हरलो. पोरांनी दादांच्या नावानं शंख केला. दादांनी भोंगा टेबलावर ठेवला. "नियम मोडला म्या. आता दुसरा माणूस बघा."

ह्यांना बरं वाटल्यावर मी दादांचे पाय धरायला गेले. दादा खाली बघत म्हणाले, "चंद्राला जास्त झाल्याचा निरोप कारखान्यात आला, तवा माझ्या बदलीचा माणूस आला नव्हता. बदली आल्याबिगर जागा सोडायची न्हाय, म्हणून बसून ऱ्हायलो, वैनी."

आता ते थकलेत. एकटेच ओट्यावर असतात, समोर ती खुर्ची. रस्त्यानं कुणीबी जाऊ दे, लांबूनच हात हलवून बोलावतात. भोंगा न्हाय, काही न्हाय.

तू आता उठशील, जाशील. पण लवकर ये बाई परत. माझ्याकडं मागनं आलीस तरी चालंल. आधी दादांच्या त्या खुर्चीत जरा बस.