चौदाव्या रांगेतला वास

विमानाचं दार लागायचंच बाकी होतं, तेवढ्यात रंजिता कॉकपिटमध्ये आली. हवाईसुंदऱ्यांमधली ती सगळ्यांत अनुभवी. उगाच घाबरणारी नव्हे.

"मॅडम, चौदाव्या रांगेपाशी जळका वास येतोय."

कॅप्टन दामिनीचा हात थांबला. कॅप्टन म्हणून तिचं हे पहिलंच उड्डाण, सुरत ते दिल्ली. आणि चौदाव्या रांगेत खिडकीशी तिचे वडील बसले होते. लेकीचं हे उड्डाण बघायला उखाआप्पा शहाद्याजवळच्या गावाहून मुद्दाम आले होते. काल फोनवर तिनं बजावलं होतं, "आप्पा, विमानात मला हाक मारायची नाही. आणि डबा तर अजिबात आणायचा नाही."

"नही वं माय," आप्पांनी कबूल केलं होतं.

दामिनी मागे गेली. वास खरंच होता. ठरल्याप्रमाणे आप्पांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते बाहेरच्या सामानगाडीकडे इतक्या एकाग्रतेनं पाहत होते, की शेजारच्या प्रवाशानंही वाकून पाहिलं.

इंजिनीअर वीरसिंग आला. त्यानं डोक्यावरची झाकणं उघडली, आसनांखाली टॉर्च मारला.

"कापूस जळाल्यासारखा वास आहे," तो म्हणाला. "भिंतीच्या आतलं अस्तर तापलं असणार. एसी बंद करा."

एसी बंद झाला. उकाडा वाढला, आणि वासही वाढला.

"बघा! आतल्या आत जळतंय." वीरसिंग आप्पांकडे वळला. "काका, पिशवीत काय आहे?"

"कपडा शेतस," आप्पा म्हणाले आणि त्यांनी पिशवी पोटाशी धरली.

"मॅडम, विमान नेता येणार नाही. सगळ्यांना उतरवा."

बॅगा काढत प्रवासी रांगेत उभे राहिले. "बाई चालवणार म्हटल्यावर मला वाटलंच होतं," कुणीतरी पुटपुटलं. दामिनीचे कान तापले. ते आप्पांनीही ऐकलं. ते जागचे हलले नाहीत.

"काका, उतरा," दामिनी म्हणाली. आपण वडलांना काका म्हटलं, हे तिला शब्द तोंडातून निघून गेल्यावर कळलं.

"कॅप्टनसाहेब," आप्पा मान खाली घालून म्हणाले, "इमान चांगलं शे. वास मन्हा शे."

पिशवीतून टॉवेल निघाला, टॉवेलातून धोतर, धोतरातून डबा. वीरसिंगनं झाकण उघडलं आणि तो एकदम मागे सरला. "हाच!"

"भरीत शे. कपाशीन्या काड्यास्वर वांगा भाज्यात. मन्ही पोरगीसाठे."

"कुठे असते तुमची मुलगी?" रंजितानं विचारलं.

आप्पांनी दामिनीकडे न बघता सांगितलं, "शहाद्याले."

"मग डबा दिल्लीला कशाला?"

आप्पा पुन्हा सामानगाडी पाहू लागले.

दामिनीनं जन्मभर काड्यांवर भाजलेलंच भरीत खाल्लं होतं, तरी तिला वास ओळखता आला नव्हता. आईच्या हातच्या भरताला असा करपट वास नसायचा. आई गेल्यापासून त्या घरात वांगं भाजलंच गेलं नव्हतं. भरताच्या बाबतीत आप्पांचंही हे पहिलंच उड्डाण होतं.

तिनं माइक घेतला. अशा वेळी सांगायचं वाक्य ठरलेलं असतं, आणि तिनं ते सुरूही केलं. "तांत्रिक कारणामुळे..." मग ती थांबली.

"माफ करा. मी कॅप्टन दामिनी. विमान ठीक आहे. चौदाव्या रांगेत माझे वडील आहेत. त्यांनी माझ्यासाठी भरीत आणलंय."

दामिनीला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, पण ती विमानात होती. मग मागून कुणा नवापूरकडच्या माणसानं विचारलं, "काय हो आप्पा, कयन्यान्या भाकरी बी शेतस का?"

डबा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सीलबंद झाला. वीरसिंगनं एसी लावून, पुन्हा चौदाव्या रांगेत नाक फिरवून खात्री केली, आणि मगच विमान सोडलं.

दिल्लीला सगळे उतरल्यावर दामिनी येऊन आप्पांच्या शेजारी बसली. टोपी मांडीवर ठेवून तिनं डबा उघडला, बोटानं एक घास घेतला. आप्पा तिच्या तोंडाकडे टक लावून बसले होते.

"कसं व्हयनं शे?"

"जई गयं शे, आप्पा, पार करपी गयं," ती म्हणाली, आणि तिनं दुसरा घास घेतला.

"माले मालूम शे," आप्पा म्हणाले. "तो इंजिनेर मघपाईन तेच सांगी ऱ्हायना व्हता."