मोहीम भकाराच्या गाठीची

श्रोते सुज्ञ, गुणग्राही, तिकीट काढून बसणारे. त्यांणी पृच्छा केली की, हल्लीचे गाणारे ताफे गाणे ऐकवून तृप्त न होता सभागृहाचे दारी सदरेही विकितात, त्यात पराक्रम तो काय, आणि एका अक्षराच्या गाठीपायी एका मर्दाचे आसन जाता जाता कैसे राहिले, ते साद्यंत लिहावे. ऐसियास घडले तैसेच लिहिले आहे. मीठमसाला पडला असेल तो चवीपुरता.

एक गाणारी मंडळी होती. गादीवर बाईसाहेब. गळा ऐसा की वरचा सूर लागताच मागील रांगेतील खोकले आपोआप बंद पडत, आणि मिजास ऐसी की माइकाने शिटी मारिली तरी माइकास माफी असे, माइकवाल्यास नसे. उजवे बाजूस गिटारबहाद्दर, ते निम्मा वेळ तारा जुळवीत आणि निम्मा वेळ जुळल्या नाहीत ऐसे सांगत. आणि सर्वांचे पाठीशी, पितळी तबकड्यांआड, खासे धडामराव. आईबापांनी ठेविलेले नाव निराळे, परंतु ते बँकेखेरीज कोठे चालत नसे. ड्रम वाजविण्यात एकच मर्द. मात्र पुढे बाईसाहेब आणि वर तबकड्या, यामुळे रयतेस त्यांचे मुखदर्शन म्हणोन कधी जाले नाही. दिसे ते एक कोपर.

धडामरावांची आत्या लाँड्री चालवीत असे. लाँड्रीचे मागील खोलीत, इस्त्रीच्या वाफेत आणि लटकलेल्या कोटांच्या गर्दीत मंडळीचा सराव चाले. भाडे माफ, परंतु सराव संपला की प्रत्येकाने चादरीची दोन टोके धरून घडी घालू लागावी, ऐसा आत्याबाईंचा कायदा. बाईसाहेबही त्यातून सुटल्या नाहीत.

आता संकट उद्भवले ते ऐसे. गळा गळ्यातच जातो, गिटार पाठीस लागोन जाते, परंतु ड्रमांचा सरंजाम हलवावयास टेम्पो लागतो, आणि टेम्पोवाला रसिक नव्हता. ते समयी बाईसाहेबांचे थोरले बहिणीचे यजमान, जे गाद्या विकणाऱ्या कंपनीत मातबर हुद्देदार असून सर्व मंडळी त्यांस भाऊजी म्हणत, ते मसलतीस आले आणि कांखेतून जेवणाच्या डब्याएवढे एक खोके काढून मधोमध ठेविते जाले. खोक्यात यंत्र होते. कळ दाबिली की ठेका सुरू, पुन्हा दाबिली की बंद. भाऊजींनी प्रशंसा केली की, यास टेम्पो नको, घाम नाही, आणि हे मध्येच चहा मागत नाही. धडामराव हातातील काड्यांकडे पाहात राहिले.

गिटारबहाद्दरांस रदबदलीची बुद्धी जाली. त्यांणी अर्ज केला की, दुसरे ताफे आपल्या चाहत्यांस सदरे विकितात आणि त्यावर आपला सरंजाम फिरवितात, आपणही तैसेच करून पाहावे. बाईसाहेबांनी क्षणभर डोळे मिटिले आणि हुकूम फर्माविला तो येणेप्रमाणे: येत्या जलशास सदरे करून विकावे, खपले तर टेम्पो चालेल, न खपले तर पुढील जलशापासून यंत्र चढेल आणि धडामरावांनी खाली रसिकांत बसावे, त्यांस तिकीट माफ.

तिकीट माफ हे शब्द धडामरावांचे काळजास जे झोंबले, ते बाकीचे कशाने झोंबले नाही.

मग टीशर्ट म्हणोन जो बिनबटणी सदरा, त्याची तजवीज आरंभिली. छातीवर काय असावे यावर घनघोर वादंग माजला. बाईसाहेबांची मर्जी आपल्या मुद्रेवर होती, गिटारबहाद्दरांची गिटारावर, भाऊजींची संपर्काच्या पत्त्यावर. अखेर तह होवोन मजकूर मुक्रर जाला: ‘आम्ही सुरांनी भारलेले’. छापखानेवाल्याचे संगणकात मराठी अक्षरे घातली तो त्यांचे जागी चौकोनच चौकोन उमटले. तेव्हां तो बोलिला की, हातानं लिहून द्या, जसं लिहाल तसं छापतो, हल्ली हाताच्या अक्षराला मागणी आहे. बाईसाहेब घसा शेकीत होत्या, गिटारबहाद्दर तार जुळवीत होते, म्हणोन लेखणी धडामरावांचे हाती आली.

येथे एक गुह्य सांगणे प्राप्त आहे. धडामरावांचा हात ठोक्याचा. शाळेपासोन त्यांणी भ काढावा आणि त्याचे डोईवरील गाठ घाईत गिळावी, ऐसा शिरस्ता. गाठ गेली की भ उरत नाही, म होतो. गुरुजींनी पुष्कळ पट्ट्या मारिल्या, त्या पट्ट्यांतूनच ठेका शिकले ऐसे कोणी म्हणतात. कागद पाहोन छापखानेवाल्याने पुसिले देखील की, हा भोपळ्याचा भ ना? धडामरावांनी आपले मनात भ पाहिला आणि मान डोलाविली, आणि छापखानेवाल्याने आपले डोळ्यांनी म पाहिला आणि छापला. दोघेही आपापले जागी प्रामाणिक.

जलशाचे संध्याकाळी सभागृहाचे दारी गठ्ठे उतरले. आत्याबाई दुकान बंद करोन जातीने हजर. त्यांणी दोरी तोडिली, वरचा सदरा झटकिला, सवयीने काखेची शिवण तपासिली, मग मजकूर वाचिला, आणि चष्मा पुसून पुन्हा वाचिला.

“आम्ही सुरांनी मारलेले,” आत्याबाई मोठ्यांदा म्हणाल्या. “कुणी मारलं रे ह्यांना?”

धडामराव धावले, सदरा हाती घेतला, दुसरा घेतला, तळाचा काढून पाहिला. सर्वत्र म. एकाही भकाराचे डोईवर गाठ नाही. बाईसाहेबांनी वाचिले आणि त्यांचा घसा जो शेकून तयार केला होता तो तेथेच बसला.

“म्हणजे माझं गाणं ऐकून लोक मरतात?”

“नाही, मार खातात,” गिटारबहाद्दर खुलासा करिते जाले, आणि नजर पाहोन तारा जुळवू लागले.

भाऊजी मात्र शांत होते. कांखेत खोके होते. सहज आणले ऐसे त्यांचे म्हणणे. त्यांणी पुढाकार घेवोन मेज मांडिले ते जिन्याखालील खांबाआड, कारण ऐसा माल फार दिसू नये. मेजाचा एक पाय आखूड, त्यामुळे ते मद्यप्याप्रमाणे डुले. वर सदरे, वर भाऊजींनी आपले हौसेने करविलेली कीचेन व पेले, वर किमतीचा फलक, आणि फलकावर गादीच्या कंपनीचे चिन्ह राहोन गेलेले. रसिक लोक आले, त्यांणी जिन्याकडे पाहिले, गादीची जाहिरात समजोन पुढे गेले. एक गृहस्थ थांबला म्हणोन सर्वांस उमेद आली, तो त्याने स्वच्छतागृह कोठे आहे इतकेच विचारिले.

पूर्वार्ध सुरू जाला. धडामरावांनी वाजविले, परंतु काड्या चालत होत्या आणि चित्त जिन्याखाली होते. प्रत्येक ठोक्यास त्यांस वाटे की हाच ठोका ते खोके वाजविणार, चुकणार नाही, आणि कोणास काही वाटणारही नाही. बाईसाहेबांनी एकदा मागे वळोन पाहिले. त्या कधी वळत नसत.

मध्यंतर होताच धडामराव घामाने निथळत जिन्याखाली आले. सदरे जैसेचे तैसे होते. आत्याबाईंनी त्यांचे तोंडाकडे पाहिले, मग कमरेची पिशवी उघडून लाँड्रीचे पक्क्या शाईचे पेन काढिले, ज्याने गिऱ्हाइकांचे कपड्यांवर खुणा करितात आणि जी खूण कपडा फाटे परंतु जात नाही.

“रडू नको. गाठच राहिलीय ना? मार मग. आणि हे टेबल इथे काय करतंय? लोक जातायत तिकडून.”

मग आत्याबाईंनी मोर्चा बदलिला. मेजाचे एक टोक आपण धरिले, दुसरे भाच्यास धरविले, चादरीची सवय कामी आली, आणि खुद्द महाद्वाराचे अरुंद तोंडाशी, जेथून चहाकडे जाणाऱ्या प्रत्येकास अंग चोरून जावे लागे, तेथे नेवोन रोविले. गादीचे चिन्ह उलथे केले. परंतु लिहावयाचे म्हणजे मेज स्थिर पाहिजे आणि मेज तो डुलते. आत्याबाईंनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले, भाऊजींचे कांखेतील खोके ओढिले आणि आखूड पायाखाली सारिले. नेमके बसले.

“आत्या, अहो, त्यात यंत्र आहे!” भाऊजी कळवळले.

“असू दे की. बसलंय ना छान.”

धडामरावांनी पहिला सदरा पसरिला, जीभ दातांत धरिली आणि मकाराचे डोईवर डावे अंगास एक वेटोळे ऐसे घातले की शाळा सोडल्यापासोन प्रथमच पूर्ण भ काढिला. तोच एक स्थूल गृहस्थ दारात अडकले. अडकले म्हणोन वाचिले, वाचिले म्हणोन थांबले.

“हे काय चाललंय?”

“चुकून म छापलाय,” धडामराव खाली मान घालोन म्हणाले. “भ करतोय.”

“तुम्ही कोण?”

“ड्रम वाजवतो.”

“तुम्ही वाजवता? अहो, मला वाटलं ते मशीनवर चालतं!”

हे शब्द बाणासारखे लागले. भाऊजींनी खोकल्यासारखे केले. परंतु गृहस्थ हटले नाहीत. त्यांणी धडामरावांचे घामाकडे पाहिले, बोटांच्या घट्ट्यांकडे पाहिले, आणि हुकूम केला की, मला एक द्या, पण गाठ माझ्यासमोर मारा. आत्याबाईंनी त्यांचे पोट डोळ्यांनी मापिले.

“हा नाही बसायचा तुम्हाला. मोठा घ्या. आणि श्वास सोडा, आम्ही काही बोलत नाही.”

गृहस्थ हसले आणि मोठा घेवोन जागीच अंगात चढविते जाले, आणि ते महाद्वारात अडकलेलेच असल्याने पाठीमागे जी रांग तुंबली ती आपसूक गिऱ्हाइकांची रांग जाली. मग एक जोडपे पुढे सरले. बाईंनी दोन सदरे उचलिले.

“माझ्यावर गाठ मारा. ह्यांचा तसाच राहू द्या.”

“का गं?” यजमान पुसते जाले.

“तुम्हाला मारलेलंच शोभतं.”

त्याबरोबर रांगेत हास्याचा लोट उसळला आणि मामला पालटला. जो तो पुढे येवोन आपला पक्ष सांगू लागला. कोणी भकारवादी, कोणी मकारवादी. एक सभ्य गृहस्थ डोळ्यांखाली काळी वर्तुळे घेवोन आले आणि हळूच म्हणाले की, आमच्या शेजारी एकजण पेटी शिकतोय, मला मारलेलेच द्या. एका मुलीने गाठ फार मोठी घालून घेतली, म्हणाली भारलेपण लांबून दिसलं पाहिजे. कोणी धडामरावांस नाव विचारिले, कोणी हात पाहिला, कोणी मेजावर बोटांनी ठेका धरिला आणि धडामरावांनी एका हाते गाठ मारीत दुसऱ्या हाते त्यास जबाब दिला. आत्याबाई फलकाकडे न पाहता भाव सांगत आणि घासाघीस करणारास म्हणत की, अरे, धुवायचं कसं ते फुकट सांगतेय, आणखी काय पाहिजे? उलटा करून धू, गाठ जायची नाही. कीचेन व पेले यांस कोणी विचारिले नाही, ते भाऊजींचे भाऊजींकडेच राहिले.

घंटा वाजली, पुन्हा वाजली, आणि रांग हलेना. बाईसाहेब आंतून तणतणत आल्या की, माझे श्रोते कोठे आहेत? आणि पाहतात तो श्रोते सर्व आपल्या माणसाभोवती, आणि गठ्ठ्यांचे जागी नुसती दोरी. त्यांचे मनात हेवा आला तोही खरा, आणि गेला तोही खरा. मग त्यांणी आत्याबाईंस विचारिले की, एखादा उरला आहे काय. आत्याबाईंनी मांडीखालून एक काढिला. आपणासाठी दाबून ठेविला होता. बाईसाहेबांनी तो धडामरावांपुढे पसरिला.

“गाठ मारू?” धडामराव भीत भीत म्हणाले.

“मार. पण नीट.”

उत्तरार्धी पडदा सरला तो प्रेक्षागृहात जिकडे तिकडे भारलेले आणि मारलेले शेजारी शेजारी बसले होते. बाईसाहेबांनी गाण्याआधी झांजेची उंच तबकडी आपले हाती बाजूस सारिली, धडामरावांचे मुख रयतेस दाखविले, आणि नाव घेतले. बँकेतले नव्हे, खरे. सभागृहाने “धडाम!” ऐसी एकच आरोळी दिली. धडामरावांनी काड्या उचलिल्या. ते समयी ठेका एके ठिकाणी किंचित चुकला, कारण डोळ्यांत घाम गेला होता. घामच, ऐसे त्यांचे म्हणणे आहे.

फत्ते जाल्यावर दुसरे खेपेचे सदरे छापणे आले. छापखानेवाल्याने जाला प्रकार ऐकोन माफी मागितली आणि कबूल केले की, ह्या वेळी भ पाडून देतो, सुबक. त्यावर मंडळीत हाहाकार उडाला. बाईसाहेबांचे फर्मान सुटले की, खबरदार, म च छापावा, गाठ ज्याची त्याने मारावी. पूर्वीचा कागद छापखान्यात गहाळ जाला होता, म्हणोन मजकूर नव्याने लिहावयास धडामरावांस बसविले. त्यांणी अस्तनी वर सारिली, जीभ दातांत धरिली, आणि इतक्या सदऱ्यांवर वळलेला हात आपोआप वळोन डौलदार, गाठीदार, निर्दोष भ उमटला. दुसरा कागद घेतला, पुन्हा भ. तिसऱ्यावर गाठ आणखीच ठसठशीत.

“अरे देवा,” आत्याबाई इस्त्री आपटीत म्हणाल्या, “जन्मात एकदा भ यायला लागला, तो पण नको तेव्हा!”

अखेरीस म आत्याबाईंनी लिहिला. टेम्पो दारी लागला, ड्रमांचा सरंजाम चढला, आणि धडामराव आपले सरंजामासमवेत मागेच, वाऱ्यावर बसोन निघाले. आत्याबाईंस महाद्वाराची सुभेदारी कायम जाली. भाऊजी अद्याप आपले यंत्र परत मागतात, त्यांस दरवेळी एकच जबाब मिळतो की, जलसा संपू द्या, टेबल डुलतं. येणेप्रमाणे आसन ज्याचे त्यास राहिले आणि यंत्रासही मंडळीत जागा मिळाली, ती मेजाचे पायाखाली. हे विजयपत्र दोरीने बांधोन, वर गाठ मारून ठेविले असे.