मोरदरीचा अतिरिक्त नी

पट साठाच्या खाली गेला म्हणून मोरदरीच्या प्राथमिक शाळेतला नी अतिरिक्त ठरला, आणि सोमवारी मधल्या सुट्टीनंतर त्याला कार्यमुक्त करण्यात आलं. साठाच्या आत पोरं असली की शाळेला सहाच स्वर मंजूर असतात. मोरदरीत त्रेचाळीस होती.

डोईफोडे बाई तिसरीला शिकवायच्या, आणि सगळ्या शाळेचं गाणंही त्यांच्याच गळ्यात. त्यांनी पेटी उघडली, सा पासून चढत गेल्या, आणि ध नंतरची पट्टी दाबली तर नुसती हवा आली. वर निघालेली पोरं ध वरच लटकून राहिली. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गाणं अडलं म्हणून नव्हे, ते अडलं तर अडलं. पण तिसरीत पारू गिरी होती. ही पोर दोन वर्षं शाळेत आली ती मुक्यानं. घरीही शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, घशात काही दोष नाही. मग एके दिवशी प्रार्थना नी वर आली आणि पारूनं तो असा खणखणीत लावला की वर्ग मागे वळून बघायला लागला. त्या दिवशी ती अंधार पडेपर्यंत बोलत होती. तेव्हापासून रोज सकाळी एकदा नी लावला की पारूची वाचा दिवसभर चालायची. बाईंनी पाढेसुद्धा नी वरून न्यायला सुरुवात केली होती.

मंगळवारी हजेरीला पारू नुसती उभी राहिली.

बाई तडक तालुक्याला गेल्या. विस्तार अधिकारी गव्हाणे साहेब चहा पीत होते.

"साहेब, आमचा नी कुठंय?"

"समायोजन झालं त्याचं. इथल्या मोठ्या शाळेत."

"तिथं आधीचा नी आहे की!"

"आहे. म्हणून याला मतदार याद्यांच्या कामाला लावलंय."

आता बोला! ज्याच्या जिवावर एक लेकरू बोलत होतं, तो उन्हातान्हात दारोदार नावं विचारत फिरतोय.

"पण नीच का?"

"सेवाज्येष्ठता. सा सगळ्यांत आधीचा, नी सगळ्यांत शेवटचा. शिवाय सा आणि प अचल आहेत, त्यांची बदली होत नाही." साहेबांनी बशी खाली ठेवली. "तुम्ही भूप शिकवा ना. भूपात नी लागत नाही म्हणतात."

भूपात म सुद्धा लागत नाही, हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. सांगितलं असतं तर या बाबानं तोही काढून नेला असता.

"साहेब, एका पोरीची वाचा गेलीय!"

"पोरगी पटावर आहे ना?"

"आहे."

"मग शाळेचं काही कमी झालेलं नाही."

"तुमची लेक असती म्हणजे?" बाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की बाहेरचा शिपाई आत आला. साहेब शांतपणे म्हणाले, "माझी लेक साठाच्या वरच्या शाळेत आहे."

लाज नावाची चीज नाही ती नाहीच! बाईंनी रजा टाकली आणि कार्यालयाच्या पायरीवर बसल्या. एक दिवस, दोन दिवस, नऊ दिवस. येणाऱ्या-जाणाऱ्याला पारूची गोष्ट सांगायच्या. दहाव्या दिवशी साहेबांनी आदेश हातात ठेवला. नी मोरदरीला मिळाला होता, तासिका तत्त्वावर. दर गुरुवारी, एक तास.

"आणि बाकीचे दिवस?"

"याद्या अजून व्हायच्यात, बाई."

तेव्हापासून नी गुरुवारी सकाळच्या एसटीनं येतो. आवाज थोडा बसलेला असतो, पण लागतो. पारूची तोंडी परीक्षा गुरुवारीच होते. आठवडाभराची हजेरी ती गुरुवारीच देते, सहा वेळा "हजर, बाई" म्हणून. मैत्रिणींशी राहिलेली भांडणंही तेव्हाच उरकते. तिची आई त्या दिवशी मजुरीला जात नाही, शाळेच्या ओट्यावर येऊन बसते.

गेल्या गुरुवारी आई आली तीच घाबरी. "बाई, पोरगी चार दिस रडतीय, पर काय होतंय ते कळंना. आधी तिचा नी घ्या."

बाईंनी पेटी ओढली. पारूनं नी लावला आणि आईकडे धावली.

"आये, सोमवारी माझा कान लय दुखत हुता."

"आन् आता गं?"

"आता दुखत न्हाई," पारू म्हणाली. "आता त्या कानानं ऐकूच येत न्हाई."