गंजीवरचा सूर्यभान

चहा गाळता गाळता गोदाबाई सहज बोलून गेली, “सूर्यभान भाऊजीनं कुटाराचे गोल गठ्ठे करून घेतले ना मशीननं. पाह्यले का तुमी? कसे एकसारखे दिसून राहिले, लाडवावानी.”

खुशालरावाच्या तोंडातला चहा कडू झाला. साखर बरोबर होती, दूधही घरच्या म्हशीचं होतं. बिघडलं होतं ते ‘भाऊजी’पासून पुढचं सगळं.

नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्याला लागून दोघांची शेतं. मध्ये फक्त एक धुरा, म्हणजे एक माणूस चालेल एवढा बांध. शाळेत दोघं एका बाकावर बसले, पण गुरुजींनी मॉनिटर केलं सूर्यभानला. पुढं दोघांनी बोअर मारले, पाणी लागलं सूर्यभानला. सोसायटीच्या निवडणुकीत दोघं उभे राहिले, निवडून आला सूर्यभान. माणसानं सोसायचं तरी किती, सांगा. खुशालरावाला जगाकडून फार काही नको होतं. गोदाबाईनं एकदा, चारचौघांत, नवऱ्याबद्दल ‘आमच्या यायचं काम सूर्यभान भाऊजीपेक्षा सरस झालं’ एवढंच म्हणावं. लग्नाला तीसेक वर्षं होत आली होती आणि तो अजून वाट पाहत होता.

त्यानं मोर्शीकडचं तेच मशीन बोलावलं आणि आपल्या सोयाबीनच्या कुटाराचेही, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या भुशाचेही, गोल गठ्ठे करून घेतले. गोठ्यात जागा नव्हती, म्हणून सूर्यभानसारखीच रस्त्याच्या कडेला उघड्यावर गंजी रचली. रचून झाल्यावर रस्त्यावर जाऊन पाहतो तर काय, सूर्यभानची गंजी हातभर उंच. होणारच, त्याचं पीक जास्त होतं. खुशालरावानं गठ्ठे पुन्हा खाली उतरवले. मागच्या वर्षीच्या पऱ्हाट्या, कपाशीची ती वाळकी झाडं, धुऱ्यावर पडून होती. त्यांचा जाड थर खाली अंथरला आणि त्यावर गंजी पुन्हा रचली. आता त्याची गंजी वीतभर वर गेली. पाठ मोडून निघाली, पण त्या दिवशी तो दोन भाकरी जास्त जेवला.

पऱ्हाट्या कशाला घातल्या असं गोदाबाईनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला की असतं एकेकाचं डोकं. गोदाबाईला त्याच्या डोक्यापेक्षा म्हशींच्या पोटाची काळजी होती. “हे कुटार भिजून सडलं तं उन्हाळ्यात म्हशीपुढं काय टाकू?” ती म्हणाली. “तुमच्या मिशा?”

आणि नेमकं तेव्हाच आभाळ भरून आलं. ऐन हिवाळ्याच्या तोंडावर पाऊस येणार असं सगळ्यांच्या मोबाइलवर झळकलं. खुशालराव धावतपळत नांदगावला गेला. दुकानदारानं सांगितलं की मोठ्या ताडपत्रीतली शेवटची, निळी, चांगली जाड, आत्ताच गेली. कोण घेऊन गेलं हे खुशालरावानं विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. उरलेल्या ताडपत्र्या पाहुण्याला पांघरायला द्याव्या एवढ्याच होत्या.

तो पडेल तोंडानं परत निघाला होता, तेवढ्यात फ्लेक्स छापणाऱ्याचं दुकान दिसलं. तिथं उतरवलेल्या जुन्या फ्लेक्सच्या गुंडाळ्या कोपऱ्यात पडलेल्या असत. त्यातली सगळ्यात मोठी त्यानं मागितली. दुकानवाला म्हणाला, “घेऊन जा काका. दोनच दिवस चौकात लागला होता, नवाच हाये. अन् ताडपत्रीपेक्षा मोठा भरते.” ताडपत्रीपेक्षा मोठा हे ऐकल्यावर खुशालरावानं सुतळी सोडून पाहिलंच नाही. गुंडाळी मोटरसायकलवर आडवी बांधली आणि शीळ घालत गाव गाठलं.

शेतात नवरा-बायकोनं फ्लेक्स उलगडला. आधी एक बूट निघाला, मग पांढरी पॅन्ट, मग पोटावरची सोन्याची साखळी. मग डोक्याला फेटा, डोळ्याला गॉगल आणि कानाला मोबाइल लावलेला सूर्यभान अख्खा बाहेर आला. वर ठसठशीत अक्षरं होती: ‘गावाचा आधारस्तंभ, सूर्यभान भाऊ यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.’

“अगा माय,” गोदाबाई म्हणाली, “भाऊजी किती छान आले याच्यात.”

वारा सुटला होता, थेंब पडायला लागले होते. दुसरं काही आणायला वेळ नव्हता. खुशालरावानं मन घट्ट केलं आणि सूर्यभानचं तोंड खाली, कुटारात, करून फ्लेक्स ओढायला घेतला. त्यातही एक सुख होतं. खाय म्हणावं कुटार. पण गोदाबाईनं दुसरं टोक सोडलं नाही. तिचं म्हणणं, चकचकीत बाजू वर राहिली की पाणी घसरून जातं, पाठीमागची खरबरीत बाजू पाणी धरते. बोलणं शंभर टक्के खरं होतं. त्यावर खुशालरावाजवळ जे उत्तर होतं ते बायकोला सांगण्यासारखं नव्हतं. त्यानं मुकाट्यानं सूर्यभानला उताणा केला.

आता तोंड कोणत्या अंगाला करायचं? रस्त्याकडं केलं तर सगळं गाव पाहणार. मागं केलं तर धुऱ्यापलीकडून खुद्द सूर्यभान पाहणार. दुनियेनं पाहिलं तरी चालेल, त्यानं पाहू नये, म्हणून खुशालरावानं तोंड रस्त्याकडं केलं. फ्लेक्स वरून पुरला, पण बाजूला खालपर्यंत काही आला नाही, गठ्ठ्यांची पोटं उघडीच राहिली. कडांवर दगड ठेवून दोघं भिजत घरी आले. पलीकडं सूर्यभानची गंजी निळ्या ताडपत्रीत चारही बाजूंनी, थेट मातीपर्यंत, दोरानं करकचून बांधलेली दिसत होती. नवीन नवरीच्या ट्रंकेसारखी. खुशालरावाला त्या रात्री झोप लागली नाही.

पाऊस दोन दिवस पडला आणि उघडला. तोवर खुशालरावाच्या गंजीवर कानाला मोबाइल लावून उभा असलेला सूर्यभान येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक एसटीनं पाहिला होता. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडला. शेषराव पानठेलेवाल्यानं खाली लिहिलं, ‘खुशालभाऊ सूर्यभान गटात, स्वागत आहे.’ त्यावर जोडलेले हात, अंगठे आणि गुलाबाची फुलं रांगेनं आली.

दुपारी सूर्यभान स्वतः बुलेटवरून आला. गंजीसमोर उभा राहिला, गॉगल काढला. त्याचे डोळे पाणावले होते.

“खुशाल,” तो म्हणाला, “मले वाटे तू मले पाण्यात पाह्यतं. अन् तू तं मले डोक्यावर घेऊन बसला, बावा.”

त्यानं खुशालरावाला मिठीच मारली. मिठीत असताना खुशालरावानं तोंड उघडलं, पण समोर गोदाबाई पदरानं डोळे पुसत उभी होती. ते पाहून त्यानं तोंड परत मिटलं.

आठेक दिवसांनी सूर्यभानच्या बायकोनं, शकुननं, पलीकडून हाक मारली. सूर्यभाननं ताडपत्री सोडली होती आणि आतून वाफ निघत होती. खालचे गठ्ठे काळ्या मातीची ओल पिऊन चिंब झाले होते, वारा कुठूनच न लागल्यानं वरच्यांना घाम सुटून पांढरी बुरशी चढली होती. म्हशीनं हुंगून तोंड फिरवलं. गाव जमा झालं. मग गाव धुरा ओलांडून खुशालरावाच्या गंजीकडं आलं. शेषरावानं फ्लेक्सखाली हात घालून कुटाराची मूठ ओढली. कोरडं खणखणीत.

खुशालराव पुढं सरकला. हाच तो दिवस. सगळं गाव समोर, गोदाबाई समोर, आणि सूर्यभान मान खाली घालून. त्यानं घसा साफ केला. खाली पऱ्हाट्या होत्या म्हणून ओल चढली नाही, बाजू उघड्या होत्या म्हणून वारा खेळला, असं त्याला आता लख्ख कळलं होतं.

“त्याचं काय हाये,” त्यानं सुरुवात केली, “म्या पऱ्हाट्या घातल्या ना खालतं...”

“कायले घातल्या होत्या?” शेषरावानं विचारलं.

खुशालराव थांबला. कायले? सूर्यभानपेक्षा वीतभर उंच दिसावं म्हणून. हे कुठं सांगणार? तेवढ्यात गोदाबाई बोलली. चारचौघांत, मोठ्यानं.

“पऱ्हाट्या नं गिऱ्हाट्या. भाऊजीचा फोटो पावला, दुसरं काय.”

लोकांना पटलं. संध्याकाळपर्यंत निम्म्या गावानं सूर्यभानकडं जुना फ्लेक्स आहे का म्हणून विचारणा केली. सूर्यभानच्या म्हशींसाठी गोदाबाईनं आपल्या गंजीतले गठ्ठे काढून दिले आणि ‘यायनंच द्या म्हटलं’ असं नवऱ्याकडं बोट दाखवून शकुनला सांगून टाकलं. सूर्यभानला पुन्हा भरून आलं. त्यानं गंज्या झाकायला गावासाठी नवे फ्लेक्स छापून घेतले. पहिला आला खुशालरावाकडं.

मधोमध सूर्यभान होताच, या वेळी दोन मोबाइल घेऊन. खाली, अगदी काठाला, शुभेच्छुकांची रांग होती आणि तिच्यात पहिल्यांदाच खुशालराव होता. फोटो आधार कार्डावरचा, चोरी करताना पकडल्यासारखा. फ्लेक्स गंजीवर चढवला, कडांना दगड ठेवले आणि रस्त्यावर जाऊन पाहिलं, तर एक दगड बरोबर त्याच्या तोंडावर बसला होता.

त्यानं जाऊन तो उचलला. शेजारीच शेषरावाचा फोटो होता, केसांचा भांग पाडलेला, आणि नीट पाहिलं तर बोटभर मोठा. दगड कुठं ठेवावा याचा खुशालराव विचार करत होता, तोच मागून गोदाबाई आली.

“अजी,” ती म्हणाली, “शेषराव भाऊजी किती छान आले याच्यात.”

खुशालरावानं हातातला दगड खाली टाकला आणि त्याच्याहून मोठा शोधायला तो धुऱ्याकडं निघाला.