छपराच्या पुलात अडकलेली गाडी

“पाटीवर दहा फूट लिहिलंय, वेंडेल,” ॲव्हिस म्हणाली.

“आपली गाडी साडेनऊ आहे. चाळीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजल्यात. मला नको सांगूस.”

वेंडेल टटलने भाड्याची, आत चूल-बिछाना असलेली घरगाडी व्हरमाँटमधल्या त्या जुन्या लाकडी, छपराच्या पुलात घातली. साडेनऊ फूट हे माप अगदी बरोबर होतं. फक्त टपावरचा एसी त्यात धरलेला नव्हता. करकर आवाज झाला, वरून धूळ पडली आणि गाडी थांबली. अडकली असेल तर जोर लावावा, म्हणून वेंडेलने ती पुढे रेटली. आता ती पक्की बसली.

नवराबायको निघाले होते एका दिवसात पाच पूल बघायला आणि मधे काचेची कार्यशाळा. हा पहिलाच पूल.

मागे गाड्या थांबत गेल्या. तिसऱ्या गाडीतून एक उंच बाई उतरली. तिच्या दोन्ही हातांवर भाजल्याचे जुने डाग होते.

“मी थिया. पलीकडे माझी काचेची भट्टी आहे. अकराला चाळीस माणसं येणार आहेत. वळसा वीस मैलांचा आहे.”

“पाच मिनिटांत काढतो,” वेंडेल म्हणाला.

पाऊण तासात सल्लेच तेवढे जमले. कुणी म्हणालं, टपाला साबण चोळा. एक म्हातारा घरून करवत घेऊन आला.

“काय कापणार?” वेंडेलने विचारलं.

“ते तुम्ही ठरवा. पूल दीडशे वर्षांचा आहे, तुमची गाडी भाड्याची.”

ॲव्हिस इतका वेळ गप्प बसून थर्मासमधली कॉफी पीत होती. एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती, बर्फातून आणि चिखलातून. पण निवृत्त झाल्यापासून गाडी वेंडेलच चालवायचा, कारण त्याच्या मते ती ‘उगाच सावकाश’ चालवायची. वरच्या तुळईतून काडकन आवाज आला तशी तिने कप खाली ठेवला.

“वेंडेल, बाजूला हो.”

“अगं, मी बघतो ना.”

“बघून झालंय तुझं.”

ती सहाही चाकांपाशी वाकली आणि एकेकातली हवा सोडू लागली. गाडी खाली बसत गेली. टप आणि तुळई यांच्यात बोटभर फट दिसली तेव्हा ती उठून मागच्या गाड्यांकडे वळली.

“सगळ्यांनी मागे घ्या. शेवटची गाडी आधी. बोलायचं ते नंतर बोला.”

त्या आवाजापुढे शाळेतली वांड पोरं गप्प बसत असत. अकराच्या अकरा गाड्या मुकाट मागे सरकल्या. करवतवाला म्हातारादेखील मागे सरकला, तो तर चालतच आला होता. ॲव्हिसने आरशात बघत गाडी इंचाइंचाने मागे घेतली. टप तुळईखालून अलगद निसटला आणि तिने गाडी पुलाबाहेर कडेला लावली. सगळ्यांनी मिळून हॉर्न वाजवले.

तुळईला नुसता ओरखडा होता. एसीला मात्र पोचा आला होता. थियाने हवा भरायचं यंत्र पाठवते म्हणून सांगितलं आणि दोघांना आपल्या गाडीत घालून पलीकडे नेलं.

भट्टीपुढे चाळीस माणसं ताटकळत उभी होती. थियाने नळीच्या टोकावर लालभडक काच घेतली. “आजची पहिली फुंकर यांची,” असं म्हणत तिने नळी ॲव्हिसपुढे धरली.

“दे इकडे, आधी मी दाखवतो,” म्हणत वेंडेलने मधेच ती घेतली आणि छाती भरून फुंकली. काचेचा फुगा पातळ होत होत फट्कन फुटला.

थियाने दुसरी काच घेतली. ॲव्हिसने सावकाश फुंकलं, थांबली, परत फुंकलं. थिया नळी फिरवत राहिली. निळसर, किंचित कलती बरणी तयार झाली. ती निवायला ठेवली तेव्हा माणसांनी टाळ्या वाजवल्या आणि ॲव्हिसबाई कानापर्यंत लाल झाल्या.

निघताना थिया दारावरच्या फळ्यावर खडूने लिहीत होती: ‘पुलात अडकलात? ॲव्हिस टटल यांना फोन करा.’ खाली तिने ॲव्हिसला विचारून नंबरही लिहिला.

वेंडेलने ते दोनदा वाचलं. “खाली माझंही नाव घाला,” तो म्हणाला.

“तुमचं कशाला?” थियाने विचारलं.

त्याने बायकोकडे पाहिलं. ती थियाने दिलेला डोनट मजेत खात होती.

“आता गाडी हीच चालवणार,” तो म्हणाला, “मग फोन कुणीतरी उचलायला हवा ना.”