उस्मानभायचं इटलीचं घर

आमच्या समोरचा उस्मानभाय रोज सकाळी ओलं फडकं घेऊन खिडक्यांच्या काचा पुसायचा. त्यात विशेष काय, म्हणाल. काचा नव्हत्याच तिथे. खिडक्याही नव्हत्या. सपाट भिंतीवर त्याने त्या रंगवल्या होत्या. "भाय, नसलेली काच पुसून काय मिळतं?" मी एकदा विचारलं. तर म्हणाला, "आपा, मळकी काच खोटी वाटते."

माणूस श्रीवर्धनचा, आमच्याच बाजूचा. तरुणपणी बोटीवर रंगारी होता. बोट इटलीत जिनोआ बंदराला लागली तेव्हा हा गावात फिरायला गेला आणि एका घरासमोर दिवसभर उभा राहिला. शेकडो वर्षांपूर्वीच्या कुणा व्यापाऱ्याचं घर. दर्शनी भिंतीवर खांब, कमानी, सिंहांची तोंडं, फळांच्या माळा. हात लावला तर सगळं सपाट, नुसता रंग! "बोट सुटली असती तरी चाललं असतं," असं अजून सांगतो. मला विचाराल तर ज्याला खरे खांब परवडले नाहीत, त्याचं एवढं कौतुक कशाला?

पुढे इथे ओमानमध्ये, इब्राला आला. अर्बाबने, म्हणजे त्याच्या मालकाने, राहायला जुनं मातीचं घर दिलं. आत एकच खोली धड. याने बाहेरच्या भिंतीचं जिनोआ करून टाकलं. कुणी जवळ गेलं की ओरडायचा, "लांबून! लांबून बघा!" गॅसवाला एकदा रंगवलेलं दार ठोठावत राहिला आणि शेवटी शिव्या देत सिलिंडरसकट परत गेला. उस्मानभाय दोन दिवस खजूर-दह्यावर राहिला, पण खुशीत. मी स्वतः तिथल्या खुंटीला पिशवी अडकवायला गेले. पिशवीत अंडी होती. माफी मागणं राहिलं बाजूला, "म्हणजे सावली बरोबर पडलीय," म्हणाला.

या हिवाळ्यात अर्बाब आला. घराचा पुढचा भाग दुरुस्त करून पाहुण्यांना भाड्याने द्यायचा त्याने ठरवलं होतं. "उस्मान, टूरिस्ट ओमानी घर मांगता. इटली नई मांगता." भिंत पुन्हा मातीच्या रंगाची करायची आणि ती उस्माननेच. मग त्याने मागच्या खोलीत खुशाल राहावं.

"भांड त्याच्याशी," मी म्हटलं. "नाहीतर मी भांडते."

"कशाला आपा? बरोबर बोलतो तो. घर त्याचं."

परांचीवर चढून त्याने खांब बुजवले, सिंह बुजवले. दुपारी दाराशेजारची एक खिडकी उरली. ती वेगळी होती. पडदा अर्धा सरकवलेला आणि आत दिवा लागल्यासारखा पिवळा उजेड. तिच्याकडे पाठ करून तो चहा पीत बसला. पेला रिकामा झाला तरी उठेना.

"एवढी राहू दे म्हणून सांगू का अर्बाबला?"

"नको. एकटीच वाईट दिसेल."

मग थोड्या वेळाने म्हणाला, "हमीदा गेली ना, तेव्हा काढली ही."

हमीदा त्याची बायको. गावीच वारली. पुढच्या वर्षी इथे बोलवू, पुढच्या वर्षी बोलवू, असं दर वर्षी चालायचं. ती कधी आलीच नाही.

"कामावरून येताना गल्लीच्या तोंडाशी ही दिसली, की वाटतं घरात कुणी आहे. दारापर्यंतच वाटतं. पण तेवढं पुरतं."

रडणाऱ्या माणसाला मी गप्प करू शकते. हा रडतही नव्हता. मी त्याच्या हातातला ब्रश घेतला.

"तू आत जा. पेला धू."

तो गेला. पहिल्या हातात तो पिवळा रंग झाकला गेलाच नाही. दुसरा हात मारला, तेव्हा झाकला गेला.

आमची एक खोली गल्लीकडे आहे. तिथे कुणी नसतं. संध्याकाळी मगरीबच्या अजानीनंतर मी तिथला दिवा लावला आणि पडदा बाजूला केला. सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "अम्मी, त्या खोलीत कोण बसलंय? लाइट कशाला?"

"मी बसलेय," म्हटलं, आणि लसूण सोलायला घेऊन खिडकीत जाऊन बसले.