कोंबड्याची चौकशी करणारे गाडेकर सर

संगमनेरच्या बाजारात गाडेकर सर अंडी घेताना भाव विचारत नाहीत. आधी कोंबड्याची चौकशी करतात.

"घरी कोंबडा आहे ना? तब्येतीनं बरा आहे?"

"सर, अंडं कोंबडी देती," अंडीवाली म्हणते. "कोंबड्याचं काय काम?"

"त्याच्याशिवाय आत पिल्लू कसं धरेल?" सर गंभीरपणे सांगतात. मी त्यांची शेजारीण, पिशवी घेऊन बाजूलाच उभी असते. कुठं बघावं कळत नाही.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. नोकरी संपली, शिकवणं काही संपलं नाही. घरी लाकडी खोक्यात बल्ब लावून ते अंडी उबवतात आणि तिसऱ्या दिवशी कवचाला छोटी खिडकी पाडून पिल्लाचा मेंदू घडताना भिंगातून बघतात. एकदा पाहुणे आले म्हणून मी दोन अंडी उसनी मागायला गेले. व्याख्यान मिळालं, अंडी नाही मिळाली.

"बाई, मेंदूच्या पेशी आधी नुसत्या दुणावतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार. मग एकेकीनं थांबून कामाला लागायचं. कामाला लागली की दुणावणं बंद. लवकर थांबल्या तर मेंदू लहान राहतो. थांबल्याच नाहीत तर गाठ होते. घाई नको आणि उशीरही नको."

पाहुणे उपाशी. मी कानाला खडा लावला.

बारशाला जाताना सरांच्या खिशात शिंप्याची टेप असते. पाळण्यापाशी जाऊन बाळाच्या डोक्याचा घेर मोजतात. एका आजीनं विचारलंच, "टोपी शिवताय का, सर?" माप नीट भरलं की मात्र सरांचा चेहरा असा खुलतो, जणू बाळ त्यांचंच आहे.

हे खूळ कशापायी, ते मला माहीत आहे. सरांची धाकटी बहीण शकू पन्नाशीची आहे. डोकं लहान, समज चार वर्षांच्या पोरीची. ती पोटात असताना आक्कांनी, म्हणजे सरांच्या आईनं, तिसगावच्या घरी ग्रहणात दोडका चिरला होता. शकू जन्मली आणि सासूनं भर ओट्यावर सांगितलं, "हिनंच पोरीचं वाटोळं केलं." तेव्हापासून आक्का प्रत्येक ग्रहणाला कोपऱ्यात बसतात, पाण्याचा थेंब घेत नाहीत. शिक्षाच ती. आईच्या मनातलं हे काढायचं, एवढ्यासाठी सरांनी जन्मभर भिंगाला डोळा लावला.

गेल्या ग्रहणाच्या सकाळी शकूच्या रक्ताच्या जनुकीय तपासणीचा रिपोर्ट पुण्याहून आला. सरांनी मलाही बोलावलं. भिंग आणि खिडकी पाडलेलं अंडं कोपऱ्यात नेऊन आक्कांपुढं ठेवलं. त्यांनी कवचाच्या खिडकीतून बराच वेळ पाहिलं.

"आई, शकूच्या मेंदूच्या पेशी दुणावायच्या लवकर थांबल्या. बी रुजलं तेव्हाच ते ठरलं होतं. ग्रहण नंतर आलं. तुझ्या हातून काही झालं नाही."

आता आक्का पाणी मागतील असं वाटलं.

आक्कांनी भिंग बाजूला सारलं.

"व्हय रं, पर हे माझ्या सासूला कोन सांगंल?"

सासू जाऊन चाळीस वर्षं झाली. सर आईशेजारी फरशीवर बसले आणि ग्रहण सुटेपर्यंत त्यांनीही पाणी घेतलं नाही.